व्यापारी करारनामे व कृष्णाकांठच्या सार्वजनिक सोयी

उसाचा दर, रेशनचें धान्य, कालव्याची पाणीपट्टी व पंपाचें वीजबिल हे चार विषय आमच्या सातारा-सांगली भागांत पारावर रोज निघतात. त्यांचा बोल कोणी कारखान्याच्या चेअरमनास लावतो, कोणी तहसीलदारास, तर कोणी मुंबईच्या मंत्रिमंडळास. या सर्वांचा त्यांत थोडाबहुत हात असतोच. परंतु या चारहि गोष्टींवर आणखी एका कागदाचें बंधन आहे, व तो कागद गांवच्या कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. मोरोक्को देशांतील मराकेश शहरीं ता. १५ एप्रिल १९९४ रोजीं सह्या झालेला व ता. १ जानेवारी १९९५ पासून अमलांत आलेला जागतिक व्यापार संघटनेचा करारनामा तो हाच. त्यांतील शेतीविषयक भाग फारसा लांब नाहीं. पण सरकारनें शेतकऱ्यास कोणती सोय कोणत्या रूपानें द्यावी याचे रकाने त्यानें आंखून ठेविले आहेत. आमचें उभें आयुष्य महसुली दप्तरांतील रकाने भरण्यांत गेल्यामुळें या करारनाम्याकडे आम्हीं त्याच नजरेनें पाहिलें, आणि जें दिसलें तें मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

या करारनाम्याविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक असें कीं, परदेशी लोकांनीं सही घेऊन आपल्या सरकारचे हात बांधले, व म्हणून सवलती एकामागून एक बंद होणार. दुसरें असें कीं, हा सगळा दिल्ली व जिनिव्हा यांमधील पत्रव्यवहार आहे, आपल्या बांधापर्यंत तो येत नाहीं. दोन्ही मतें अपुरीं आहेत. करारनामा बहुतेक सोयींस मनाई करीत नाहीं. तो त्यांची वर्गवारी करितो, आणि त्या वर्गवारीवरून कोणत्या सोयीस मर्यादा व कोणत्या सोयीस मोकळीक हें ठरतें. एकाच गटाची नोंद शेतीकडे असली तर एक आकार बसतो व बिनशेती झाली कीं निराळा बसतो, तशांतलाच हा प्रकार आहे.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. दुसरें महायुद्ध संपल्यावर ता. ३० ऑक्टोबर १९४७ रोजीं जिनिव्हा येथें २३ देशांनीं जकातीविषयींच्या 'गॅट' करारावर सह्या केल्या. त्यांत भारतहि होता. त्या करारांत शेतमालासंबंधीं पुष्कळ पळवाटा होत्या व श्रीमंत राष्ट्रें त्यांचा यथेच्छ उपयोग करीत. सप्टेंबर १९८६ मध्यें उरुग्वे देशांत नव्या वाटाघाटी सुरू झाल्या, आणि डिसेंबर १९९१ मध्यें गॅटचे त्या वेळचे मुख्य अधिकारी आर्थर डंकेल यांनीं मसुदा पुढें मांडला. शेतकरी संघटनेचे श्री. शरद जोशी यांनीं त्याचें स्वागत केलें, कर्नाटकांत प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघानें त्यास कडाडून विरोध केला. जोशी यांचा मुद्दा असा कीं, आपलें सरकार शेतकऱ्यास जितकें देतें त्याहून अधिक भाव पाडून काढून घेतें. मग अनुदानावरील मर्यादेस आपण कां भ्यावें? त्या काळच्या हिशेबापुरता हा मुद्दा खरा होता. १९८६-८८ या सालांत भारताच्या पिकांना मिळालेला भावाचा आधार एकंदरींत वजा आला होता. पुढें तोच हिशेब आपल्यावर कसा उलटला तें उसाच्या प्रकरणांत दिसेल.

आतां रकाने. बोलण्यांत त्यांस पेट्या म्हणतात व रंगांचीं नांवें देतात. हिरव्या पेटींत शेतीसंशोधन, रोगकिडींचें नियंत्रण, शिक्षण, सल्ला, मालाची तपासणी, बाजाराची माहिती, रस्ते, धरणें, विजेच्या वाहिन्या, दुष्काळांतील मदत, अन्नसुरक्षेसाठीं धान्याचा साठा वगैरे गोष्टी येतात. यांवर सरकारनें कितीहि खर्च करावा. अटी पाळल्या म्हणजे झालें, मर्यादा नाहीं. पिवळ्या पेटींत भावाचा आधार येतो. भारतास यांत प्रत्येक पिकामागें त्या पिकाच्या एकंदर उत्पादनाच्या किंमतीच्या १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यापुढें नाहीं. तिसरा रकाना केवळ विकसनशील देशांसाठीं आहे. कमी उत्पन्नाच्या किंवा साधनहीन शेतकऱ्यांस सर्रास मिळणारें खत, वीज, पाणी यांवरील अनुदान व शेतीच्या भांडवली कामास सर्वसाधारणपणें मिळणारें साह्य हें त्यांत जातें, व त्यालाहि मर्यादा नाहीं. निळी म्हणून आणखी एक पेटी आहे. तिच्याशीं आपल्याला फारसें कर्तव्य नाहीं.

भावाचा आधार मोजण्याची रीत वाचकांनीं नीट समजून घ्यावी, कारण सर्व वादाचें मूळ तेथें आहे. सरकारनें आज ठरविलेला दर घ्यावयाचा, त्यांतून एक ठराविक 'संदर्भ-किंमत' वजा करावयाची, व उरलेल्या रकमेस त्या दरास पात्र असलेल्या मालानें गुणावयाचें. ही संदर्भ-किंमत १९८६ ते १९८८ या तीन सालांच्या सरासरीवरून एकदां बांधली ती बांधली. नंतर ती बदललेली नाहीं. मुंबई इलाख्याच्या जुन्या रयतवारींत जमिनीचा आकार ३० वर्षांच्या मुदतीनें बांधीत. तो जाचक होता असें आमचे वाडवडील म्हणत. पण मुदत संपल्यावर फेरपाहणी तरी होत असे. या करारांत फेरपाहणीची तारीखच घातलेली नाहीं. शिवाय ज्या राष्ट्रांनीं त्या सालांत आपल्या शेतकऱ्यांस भरमसाट पैसा दिला होता, त्यांस त्यांतील कांहीं भाग कमी करून बाकीचा देत राहण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेस असा हक्क सालीना १,९१० कोटी डॉलरचा आहे. भारतानें दिलें नव्हतें, म्हणून भारतास त्या १० टक्क्यांपलीकडे कांहीं नाहीं. पहिल्या मोजणीच्या दिवशीं ज्याचें अतिक्रमण होतें तें त्याच्या नांवें लागलें, आणि जो आपल्या हद्दींत राहिला तो हद्दींतच राहिला.

रेशनच्या दुकानावर याचा परिणाम असा होतो. गरिबास स्वस्त धान्य देणें हें हिरव्या पेटींत आहे. त्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु तें धान्य सरकार शेतकऱ्याकडून हमीभावानें घेतें, आणि हमीभाव व संदर्भ-किंमत यांतील फरक पिवळ्या पेटींत लिहावा अशी तळटीप करारनाम्यांत आहे. म्हणजे दुकानाचें दार एका रकान्यांत व खरेदी केंद्राचें दार दुसऱ्या रकान्यांत. २०१३ सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला व ग्रामीण भागांतील ७५ टक्क्यांपर्यंत लोकांस माणशीं महिना ५ किलो धान्याचा हक्क मिळाला, तेव्हां इतकें धान्य खरेदी करतांना मर्यादा ओलांडली जाणार हें उघड झालें. त्याच वर्षीं डिसेंबरांत इंडोनेशियांतील बाली बेटावर मंत्र्यांची परिषद भरली. तेथें असें ठरलें कीं, कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा खरेदीबद्दल कोणीं फिर्याद करूं नये. हें अभय चार वर्षांचेंच कीं काय असा संशय होता. भारतानें जुलै १९१४ नव्हे, तर २०१४ च्या जुलैंत दुसऱ्या एका कराराचा दस्तऐवज अडवून धरल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्यें तो संशय दूर करण्यांत आला. २०१८-१९ च्या भातासाठीं भारतास या अभयाचा प्रत्यक्ष आश्रय घ्यावा लागला. त्या वर्षीं ४,३६७ कोटी डॉलर किंमतीच्या तांदळास ५०० कोटी डॉलरचा आधार दिल्याचें सरकारनेंच कळविलें होतें, म्हणजे १० टक्क्यांच्या वर. कायमचा तोडगा फेब्रुवारी २०२४ मध्यें अबुधाबीच्या परिषदेंतहि निघाला नाहीं.

आमच्या माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांनीं यांतील एक बारकावा ध्यानांत ठेवावा. हें अभय डिसेंबर २०१३ मध्यें चालू असलेल्या योजनांपुरतें आहे. एखाद्या नव्या पिकाच्या सरकारी खरेदीची व साठ्याची नवी योजना मागतांना तीस हें संरक्षण आपोआप मिळेल असें धरून चालतां येत नाहीं. मागणी करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोणत्या रकान्यांत पडेल हें मागणाऱ्यास ठाऊक असावें.

उसाचें प्रकरण याहून जिव्हाळ्याचें आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वयें केंद्र सरकार दर हंगामास उसाचा किमान दर ठरवितें. २००९ पासून त्यास रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपल्या बोलण्यांतील एफआरपी, असें नांव आहे. दर सरकार ठरवितें, पण पैसे देतो कारखाना. २०१९ च्या आरंभीं ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला या साखर विकणाऱ्या तीन देशांनीं जिनिव्हास तक्रार नेली कीं, भारत आपल्या उसास मर्यादेबाहेर आधार देतो व साखरेच्या निर्यातीसहि पैसा पुरवितो, त्यामुळें जगाच्या बाजारांत भाव पडतात. ता. १४ डिसेंबर २०२१ रोजीं पंचांचा निर्णय प्रसिद्ध झाला. २०१४-१५ पासून २०१८-१९ पर्यंतच्या पांचहि हंगामांत उसाचा आधार १० टक्क्यांच्या वर गेला असें त्यांनीं ठरविलें, आणि निर्यातीवरील अनुदान १२० दिवसांत मागें घ्यावें असें सांगितलें.

भारताचा बचाव असा होता कीं, एफआरपीपोटीं सरकारी तिजोरींतून पैसा जात नाहीं, सरकार ऊस विकत घेत नाहीं, मग हा सरकारी आधार कसा? पंचांनीं तो मानला नाहीं. दर सरकारनें कायद्यानें बांधला एवढें पुरे; पैसे कोणाच्या थैलींतून निघाले हें पाहण्याचें कारण नाहीं, असा त्यांचा अर्थ. आतां हिशेब पाहा. २०१८-१९ सालीं दहा टक्के उताऱ्यास एफआरपी टनास २,७५० रुपये होती. उसाची संदर्भ-किंमत टनास सुमारें १५६ रुपये. वजाबाकी २,५९४. उत्पादनाची किंमतहि त्याच दरानें धरली तर आधार शेंकडा ९४ भरतो! म्हणजे शेतकऱ्यानें नांगरट, बेणें, खत, पाणी व अठरा महिन्यांची राखण करून जो ऊस वाढविला, त्याच्या शंभर रुपयांतील चौऱ्याण्णव रुपये सरकारनें फुकट दिले असें या कागदावर दिसतें. १९८८ सालीं डिझेल काय भावानें मिळे व युरियाचें पोतें कितीस येई हें आठविल्यास या वजाबाकींतील गफलत कोणाहि शेतकऱ्यास कळेल. आमच्या भागांत तर आणखी एक विशेष आहे. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यासारखे कारखाने सहकारी आहेत. त्यांचे मालक ऊस घालणारे सभासदच. सभासदाच्या कारखान्यानें सभासदास दिलेला दर, म्हणजे या हाताचें त्या हातावर, हाहि जिनिव्हाच्या वहींत सरकारी आधार म्हणून चढतो.

निर्यात अनुदानाबाबत मात्र आपली बाजू लंगडी होती असें आमचें स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०१५ मध्यें नैरोबीच्या परिषदेंत निर्यातीवरील अनुदानें संपविण्याचें सर्व देशांनीं मान्य केलें होतें, आणि मुदतीविषयीं आपण कितीहि युक्तिवाद केला तरी २०१९-२० च्या हंगामांत साठ लाख टन साखरेवर टनामागें १०,४४८ रुपये देणें ही लहान गोष्ट नव्हती. पुढच्या हंगामांत तोच आंकडा प्रथम ६,००० व मग ४,००० वर आणला, आणि त्यानंतर तें अनुदान बंद झालें. गंमत अशी कीं, २०२१-२२ सालीं अनुदानाशिवायच शंभर लाख टनांहून अधिक साखर बाहेर गेली, कारण जगांतील भाव चढे होते.

निर्णयावर भारतानें अपील केलें आहे. पण अपील ऐकावयाचें मंडळ अमेरिकेनें नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळें डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलें आहे. त्यामुळें हुकूमनामा झाला व दरखास्त अडली अशी स्थिति आहे. दरम्यान एफआरपी वाढतच गेली. २०२५-२६ च्या हंगामास ती १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये झाली, व १५६ पासूनचें अंतर तितकेंच रुंदावलें. मंडळ पुन्हां सुरू झालें तर हा जुना कागद वर निघेल. उसाच्या दराचें आंदोलन करणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडून संदर्भ-किंमतीविषयीं आम्हीं क्वचितच ऐकलें आहे. ती बदलून घेणें अगर महागाईच्या मानानें वाढवून घेणें ही मागणी टनास शंभर रुपये वाढवून मागण्याहून कमी महत्त्वाची नव्हे, कारण पहिलीवांचून दुसरीस पक्का आधार नाहीं.

आतां पाण्याकडे वळूं. कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी उचलून टप्प्याटप्प्यानें कडेगांव, खानापूर, आटपाडी, तासगांव, कवठें महांकाळ या तहानलेल्या मुलखांत नेलें आहे. ताकारी व म्हैसाळ या योजनाहि त्याच जातीच्या. धरणाच्या कालव्यांतून पाणी उताराने आपोआप वाहतें. येथें तें चढावर ढकलावें लागतें, म्हणून या योजनांचा जीव विजेच्या बिलांत आहे. बिल थकलें कीं पंप बंद, आणि पंप बंद झाले कीं उभी द्राक्षबाग व डाळिंबाची बाग धोक्यांत, हा अनुभव या तालुक्यांस नवा नाहीं. अखेर बिलाचा १९ टक्के भाग शेतकऱ्यांनीं व ८१ टक्के शासनानें सोसावा असें ठरलें, तेव्हां कोठें आवर्तनें सुरळीत होऊं लागलीं.

ही एकच योजना करारनाम्याच्या दोन रकान्यांत विभागली जाते हें फार थोड्यांस ठाऊक असेल. हिरव्या पेटींत धरणें, पाणीपुरवठा व विजेच्या वाहिन्या आहेत खऱ्या. पण तेथें स्पष्ट लिहिलें आहे कीं, हा खर्च केवळ बांधकामाचा असावा. चालविण्याचा खर्च, निविष्ठांवरील सूट, किंवा वापरणाऱ्यास सवलतीची पट्टी हीं त्यांत येणार नाहींत. तेव्हां टेंभूचा बोगदा, पंपगृह व कालवा यांवर सरकारनें घातलेला पैसा हिरवा. आणि ८१ टक्के वीजबिल हें हिरवें नव्हे. तें तिसऱ्या रकान्यांत, म्हणजे गरीब शेतकऱ्यांच्या निविष्ठा-अनुदानांत, बसवावें लागतें. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देण्याची जी योजना राज्यानें काढली तिचीहि जागा तीच. साडेसात अश्वशक्तीची अट घालतांना शासनाच्या मनांत जिनिव्हा असेल असें आम्हांस वाटत नाहीं, पण लहान पंपांपुरती सवलत ही त्या रकान्याच्या शब्दांत चांगली बसते हें खरें.

येथें आणखी एक गोष्ट सुचते. शेतीच्या वाहिन्यांस सूर्याची वीज पुरविण्याचें काम राज्यानें २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें आहे. पंपगृहाची वीज सौर केंद्रांतून येऊं लागली, तर दरसाल भरावयाच्या बिलाऐवजीं एकदां बांधकामाचा खर्च पडेल. म्हणजे जो खर्च आज तिसऱ्या रकान्यांत आहे त्यांतील बराचसा बांधकामाकडे, म्हणजे हिरव्या रकान्याच्या दिशेनें, सरकेल. उपसा योजनांच्या पाणीवापर संस्थांनीं शासनाकडे मागणी करतांना "बिलांत सूट द्या" याच्या आधीं "केंद्र बांधा" हें लिहावें असें आमचें मत आहे. सूट दर अंदाजपत्रकास मागावी लागते. बांधलेलें केंद्र उभें राहतें.

तिसरा रकाना आज मोकळा असला तरी त्यावर डोळा आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कोस्टारिका वगैरे माल निर्यात करणाऱ्या देशांच्या सूचनांत या रकान्यासहि मर्यादेखालीं आणावें असा सूर असतो. भारत त्यास विरोध करीत आला आहे.

हिरव्या रकान्यांतील ज्या सोयींस कोणाची आडकाठी नाहीं, त्यांकडे आपलेंच लक्ष कमी आहे याचें आम्हांस नवल वाटतें. फलटण तालुक्यांतील पाडेगांव येथें १९३२ सालापासून उसाचें संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ व फुले २६५ हे ऊस त्याच केंद्रानें आपल्या शेतांत आणले. या दोन वाणांनीं दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या पदरांत जें टाकलें त्याची बरोबरी कोणतेंहि अनुदान करूं शकणार नाहीं. मिरज तालुक्यांत कसबें डिग्रज येथील केंद्रानें सोयाबीनचा फुले संगम व हळदीचा फुले स्वरूपा हे वाण दिले. बेणेंमळे, माती-पाणी परीक्षण, हुमणीचा बंदोबस्त, हवामानाची सूचना, बाजारसमितींतील वजनकांटे व शीतगृहें हें सर्व हिरवें आहे. परंतु आमच्या सोसायट्यांचे वार्षिक सभांतील ठराव वाचावे तर नव्याण्णव ठरावांत दर, माफी व सूट! संशोधन केंद्रांतील रिकाम्या जागा भरा, तालुक्यास परीक्षणशाळा द्या, असा ठराव शोधून काढावा लागतो.

तासगांव व मिरज तालुक्यांतील द्राक्षबागाईतदारांस मात्र या गोष्टीचा धडा मिळालेला आहे. आरोग्यविषयक करारान्वयें आयात करणाऱ्या देशास मालांतील औषधांच्या अंशाची मर्यादा शास्त्रीय आधारावर ठरवितां येते. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सांपडल्यामुळें युरोपांत आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले व बागाईतदार कर्जांत बुडाले. त्यानंतर तपासणी अधिक कडक झाली. निर्यातीची बाग कृषि खात्याकडे नोंदवावयाची, औषधांची वही ठेवावयाची, नमुना प्रयोगशाळेंत जावयाचा आणि ग्रेपनेटवर त्याचा निकाल चढावयाचा, ही शिस्त बसली. ही सरकारी सोय परदेशी अटीनें जन्मास आली असें म्हटलें तरी चालेल. आमचें गाऱ्हाणें एवढेंच कीं, लंडनच्या मुलाच्या तोंडीं जाणाऱ्या घडाची जेवढी कसून तपासणी होते तेवढी विट्याच्या बाजारांतील घडाची होत नाहीं.

शेतीबाहेरच्या सोयींविषयीं दोन शब्द. सेवांच्या व्यापाराचाहि निराळा करार आहे. सरकार धंदा म्हणून नव्हे व कोणाशीं स्पर्धा न करतां जी सेवा देतें, ती त्यांतून वगळलेली आहे. गांवची नळपाणी योजना व जिल्हा परिषदेची शाळा यांवर त्याची सावली पडत नाहीं. रुग्णालयांत परदेशी भांडवल ५१ टक्क्यांपर्यंत येऊं देण्याचें वचन मात्र भारतानें १९९४ सालींच दिलें होतें. औषधांच्या किंमतींवर पेटंटच्या कराराचा परिणाम झाला. त्यासाठीं आपला कायदा २००५ सालीं बदलला, पण सक्तीचा परवाना देण्याची सोय त्यांत राखलेली आहे, आणि मार्च २०१२ मध्यें कर्करोगाच्या एका औषधासाठीं ती वापरल्यावर महिन्याचा खर्च सुमारें २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला. बियाण्यांबाबत २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा घरचें बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा व विकण्याचा हक्क कायम ठेविला. फक्त दुसऱ्याच्या नाममुद्रेनें तें विकतां येत नाहीं. ता. २४ जुलै २०२५ रोजीं इंग्लंडशीं झालेल्या करारांत सरकारी खरेदीचें प्रकरण आहे; तें केंद्राच्या खात्यांपुरतें आहे, राज्य शासन व स्थानिक संस्था त्यांत नाहींत.

आतां जें आमच्या दप्तराशीं निगडित आहे तें सांगून लेखणी ठेवितों. टेंभूचें वीजबिल व पंपाची मोफत वीज हीं ज्या तिसऱ्या रकान्यांत बसतात, त्यास 'कमी उत्पन्नाचा किंवा साधनहीन शेतकरी' ही अट आहे. असा शेतकरी कोण, हें भारत कृषिगणनेवरून सांगतो. १० हेक्टर किंवा त्याहून कमी जमीन वहिवाटणारा तो असा, ही आपली व्याख्या. २०१५-१६ च्या गणनेप्रमाणें देशांतील ९९.४३ टक्के खातीं या व्याख्येंत येतात, आणि म्हणून सर्व निविष्ठा-अनुदान आपण त्या रकान्यांत दाखवितों. यावर शेतीसमितींत इतर देशांनीं प्रश्न केले आहेत, आणि खरें बोलावयाचें तर प्रश्न अगदींच अवाजवी नाहीं. जतकडील १० हेक्टर माळरान व वाळवें तालुक्यांतील १० हेक्टर उसाची बागाईत या दोहोंचे मालक एकाच ओळींत साधनहीन म्हणून उभे आहेत. ही व्याख्या कधीं आवळली गेली, तर पहिली कात्री जतच्या माणसावर चालणार नाहीं. ती आमच्या मासिकाच्या बहुसंख्य वर्गणीदारांवर चालेल.

कृषिगणना गांवच्या दप्तराच्या आधारें होते. चार भाऊ वर्षानुवर्षें निराळे कसतात, पण वाटपाचा फेरफार झालेला नाहीं व सात-बारा थोरल्याच्या नांवें एकच आहे, अशीं खातीं कृष्णाकांठीं प्रत्येक गांवांत आहेत. कागदावर तो एक मोठा खातेदार दिसतो. वास्तविक तीं चार मध्यम खातीं असतात. वाटप करून फेरफार मंजूर करून घ्यावा, आणि दर हंगामास ई-पीक पाहणींत प्रत्येकानें आपल्या वांट्याचें पीक व पाण्याचें साधन स्वतः नोंदवावें. वाटपाच्या अर्जास सर्व सहहिस्सेदारांची संमति असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीं तहसीलदाराकडे हें काम होतें, दिवाणी दावा लावावा लागत नाहीं.